बजाजनगरच्या मैदानावर आमचा फॉरवर्ड आणि त्यांचा गोलकीपर

ऑफिसात सांगितलं, वेरूळ बघायला चाललेय. नवऱ्याला सांगितलं, ताईंकडे चार दिवस राहून येते. दोन्ही खरंच होतं. पण बॅगेच्या तळाशी कांदा-लसूण चटणीची एक भली मोठी बरणी होती, आणि ती ना वेरूळसाठी होती ना ताईंसाठी.

बरणी दिली होती आक्कांनी. आक्का म्हणजे माझ्या माहेरी, कोल्हापुरात, समोरच्या घरातल्या. त्यांचा मुलगा संदीप आमच्या तालमीचा सेंटर फॉरवर्ड. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे फुटबॉल हा खेळ नाही, ते पेठेच्या अब्रूचं काम आहे. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीची टीम, आणि मॅचच्या दिवशी गल्लीत चूल उशिरा पेटते. मी शाळेत असल्यापासून संदीपदाचे गोल बघत आलेय. तालमीचं नाव इथं लिहीत नाही, कारण मला याच गावात राहायचंय.

गेल्या वर्षी तालमीनं संदीपदाला शाल-श्रीफळ दिलं. वय अडतीस, गुडघा दुखरा, आता पोरांना शिकव म्हणाले. त्यानं घरी येऊन नारळ ओट्यावर ठेवला आणि आक्कांना म्हणाला, फोड आणि चटणीला घे. दोन महिन्यांनी तो छत्रपती संभाजीनगरला गेला. तिथं कामगारांच्या टीमची एक नवी लीग सुरू झाली होती आणि त्यांना बाहेरचे नावाजलेले खेळाडू हवे होते. जगातले मोठमोठे फुटबॉलवाले उतारवयात परदेशातल्या नव्या लीगमध्ये जातात, तेव्हा विमानतळावर हार घेऊन गर्दी असते. आमचा माणूस गेला वाळूजच्या एमआयडीसीला लागून असलेल्या बजाजनगरात, रात्रीच्या बसनं.

फोनवर तो एकच सांगायचा, बरा हाय. आक्कांना ते पटत नव्हतं. मी त्या बाजूला निघालेय कळल्यावर बरणी हातात देऊन म्हणाल्या, "वैशाली, तू डोळ्यानं बघून ये. गुडघा कसा हाय, आणि त्याला थांबवणारं तिथं कोण हाय का न्हाई, एवढंच मला खरं सांग. ते कुणाचं ऐकत न्हाई. पाय मोडून घेतल्यावरच घरी येणार बघ." जावं तर लागणारच होतं.

कोल्हापूरहून स्लीपर बस संध्याकाळी सुटते आणि पुणे, शिरूर, अहिल्यानगर करत सकाळी पोचवते. भाडं हजार-बाराशेच्या घरात, सुट्टीच्या दिवसांत जास्त. खालचा बर्थ घ्या, कारण शिरूरनंतर वरचा माणूस झोपत नाही, नुसता झुलतो. मला जाग आली तेव्हा नेवासा फाटा मागं पडला होता, दोन्हीकडे ऊस आणि कापसाची शेतं. पडेगावला जायचं असेल तर मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाऊच नका, नगर नाक्यावर उतरा आणि रिक्षा धरा. माझ्या नणंदबाई, सविताताई, पडेगावात दौलताबाद रस्त्याला लागून राहतात. दारात उभ्याच होत्या. "लई वाळली गं तू," म्हणाल्या. मी अजिबात वाळलेली नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

शनिवार असाच गेला. दुपारी दौलताबाद. किल्ला चढायचा असेल तर सकाळी जा, आम्ही ऊन डोक्यावर घेऊन गेलो आणि अंधारी भुयारी वाट ओलांडून वर पोचेपर्यंत मी ताईंशी बोलायची बंद झाले होते. खाली रस्त्यावर पेरूवाल्या बायका बसतात. तिखटमीठ लावलेला तो पेरू किल्ल्याइतकाच लक्षात राहिला. रात्री ताईंच्या हातची येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी. नान-खलिया, म्हणजे इथला मटणाचा रस्सा आणि नान, खायला जुन्या शहरात जायचं ठरलं होतं, पण पायांनी नकार दिला. ताईंना मी तेव्हाच बरणीचं सांगून टाकलं. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण दुसऱ्याच्या घरातली काळजी बरोबर कळते. उद्या मी पण येते म्हणाल्या.

रविवारी नगर नाक्यावरून शेअर रिक्षानं बजाजनगर. ऐन सुट्टीचा दिवस, रस्त्यावर भाजीचे गाडे, नव्या शर्टातली पोरं, स्कूटरवर चौघं-चौघं. मैदान म्हणजे मोकळी जागा, एका बाजूला मंडप, बाकी तीन बाजूंना दोरी. गवत नावालाच होतं. कोल्हापुरात अशा मॅचला तिकिटासाठी भांडणं लागतात, इथं कुणीतरी बसायला खुर्चीही आणून दिली. लीगचं सगळं बघणारे कांबळे सर शाळेत पीटी शिकवतात. कोल्हापूरहून आले म्हटल्यावर त्यांनी मला मंडपात पुढं बसवलं, चहा मागवला आणि अभिमानानं सांगितलं की त्यांच्या टीममध्ये कोल्हापूरचे दोन दोन आहेत. मी विचारलं, दुसरा कोण?

"नाथा. गोलकीपर. दोघं बी एकाच गावचे, म्हटलं सोबत व्हईल एकमेकाला. एकाच खोलीत टाकलं बघा."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. हे काय करून ठेवलं या भल्या माणसानं? नाथा म्हणजे पलीकडच्या पेठेचा गोलकीपर. संदीपदाचे जितके गोल आम्हाला पाठ आहेत, त्याहून जास्त या नाथानं अडवलेले पाठ आहेत. आक्का त्याचं नाव निघालं की कडाकडा बोटं मोडायच्या. पंधरा वर्षं दोघं एका गावात राहिले, पण एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. लग्नात एकाच पंगतीत बसायची वेळ आली तर एक जण न जेवता उठायचा. आणि कांबळे सरांनी, ज्यांना यातलं ओ की ठो माहीत नाही, या दोघांना एका खोलीत टाकलं होतं. मी ताईंना एवढंच म्हटलं की इथं काहीतरी भयंकर होणार आहे.

मॅच सुरू झाली. संदीपदा मैदानात आला आणि माझा जीव गलबलला. केस पांढरे झालेत, उजव्या गुडघ्याला पट्ट्यांवर पट्ट्या. माइकवाला ‘कोल्हापूर का शेर’ म्हणून ओरडत होता आणि दोरीपलीकडची पोरं त्याला मामू म्हणत होती. धावणं तर संपलंच आहे त्याचं. पण बॉल पायात आला की तोच जुना माणूस. पहिल्या हाफमध्ये त्यानं मान वर न करता पावलाच्या बाहेरच्या कडेनं असा एक पास दिला की समोरच्या बॅकला कळेपर्यंत गोल झाला होता. मी एकटीच ओरडत उभी राहिले. बाकीचे गोल करणाऱ्यासाठी टाळ्या वाजवत होते, पास कुणी दिला याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. इथल्या लोकांचा यात दोष नाही, खेळ त्यांना नवा आहे. पण मला वाईट वाटलं. आमच्याकडे त्या पाससाठी माणसांनी टोप्या उडवल्या असत्या.

नंतर समोरच्यांनी एक गोल फेडला. दोन्हीकडे एक-एक. आणि मॅच संपत आली असताना संदीपदाच्या टीमला फ्री किक मिळाली, समोरच्यांच्या बॉक्सच्या जरा बाहेर, डाव्या अंगाला. ही संदीपदाची जागा. कोल्हापुरात तिथून फ्री किक मिळाली की लोक आधीच नाचायला लागायचे. त्यानं बॉल उचलला, पुसला, ठेवला. मी ताईंचा हात धरला. तेवढ्यात माझी नजर पलीकडच्या टोकाला गेली. गोलमध्ये उभ्या नाथानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. ते बघून त्या दोघांच्या टीमचा कोच उठला आणि खेळाडू बदलायची खूण केली. संदीपदानं एकदा नाथाकडे बघितलं आणि बॉल तिथंच सोडून बाहेर आला.

मग माझं डोकं फिरलं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख होतं. नाथानं कोचला हाताशी धरलंय, पेठेचं जुनं उट्टं काढतोय, संदीपदाचा हक्काचा गोल हिरावून घेतोय. मी दोरीखालून वाकून थेट त्याच्या गोलपोस्टमागं गेले. तिथं मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिणार नव्हते. पण हे छापायची परवानगी मागायला फोन केला तेव्हा नाथानं अट घातली की तेही यायला पाहिजे. तर लिहिते. मी म्हणाले, पंधरा वर्षांत पोट भरलं नाही व्हय तुझं? इथं दोनशे कोसांवर येऊन तरी त्याला सुखानं खेळू दे की. तुझ्या पेठेला कुणी शिकवलंच नाही का हरलेल्या माणसाशी कसं वागायचं ते. अजूनही बरंच होतं, त्यात त्याच्या नाकाचाही उल्लेख होता.

त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. "ताई, मॅच चालू हाय," एवढंच म्हणाला.

संदीपदाच्या जागी आलेल्या गड्यानं फ्री किक पार मंडपावरून घालवली. मॅच बरोबरीत सुटली. सविताताई धापा टाकत येऊन मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या. "वैशाली, आवर आता. लोक बघायलेत," म्हणाल्या. बघणारच. मैदानातल्यापेक्षा बाहेर जास्त चाललं होतं.

संध्याकाळी खोलीवर गेलो, पत्ता कांबळे सरांनी दिला. मी मनाशी ठरवलं होतं, बरणी संदीपदाच्या हातात द्यायची, नाथाकडे ढुंकूनही बघायचं नाही. पहिल्या मजल्यावरचं दार वाजवलं. दार नाथानं उघडलं. खांद्यावर टॉवेल, हातात गरम पाण्याची पिशवी. मला बघून दोन पावलं मागं सरकला. त्याचं बरोबरच होतं.

आत दोन खाटा, एक गॅस, दोरीवर दोन जर्सी. संदीपदा खाटेवर पाय लांब करून बसला होता. पट्ट्या सोडल्या होत्या आणि गुडघा टम्म सुजला होता. मी दारातच रडायला लागले. तो म्हणाला, "आलीस व्हय? बस की. आईनं काय दिलंय?" नाथानं बरणी घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला की त्यांच्याकडं खोबरं जरा जास्त घालतात. त्याही अवस्थेत मला सांगावंसं वाटलं की म्हणूनच तुमची चटणी तशी असते. ताईंनी माझ्या पायावर पाय ठेवला.

मग संदीपदानंच सगळं सांगितलं. डोक्यावर हात ठेवणं ही त्यांची दोघांची ठरलेली खूण होती. गोलमधून नाथाला सगळं मैदान दिसतं. संदीपदा उजव्या पायावर वजन टाकायचा बंद झाला की नाथानं हात वर करायचे आणि संदीपदानं वाद न घालता बाहेर यायचं. कोचलाही तसं सांगून ठेवलेलं. या एकाच अटीवर नाथानं त्याला इथं बोलावलं होतं. होय, बोलावलं होतं त्यानंच. तो आधीच्या सीझनपासून इथं खेळत होता. तालमीनं शाल दिल्याचं त्याच्या कानावर गेलं, त्यानं कुणाकडून तरी नंबर मिळवला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा फोन केला. कांबळे सरांना मात्र वाटत होतं की एका खोलीत ठेवायची कल्पना त्यांची.

मला तरीही पटेना. मी नाथाला विचारलं, तुला इतक्या लांबून कसं कळतं गुडघ्याचं? तो गॅसकडे तोंड करून चहा टाकत होता.

"तीन वर्षांमागं कोल्हापुरात आमची शेवटची फायनल झाली, तवाच कळलं. वळताना हा खांदा पाडायचा. त्या दिवशी पाडला न्हाई. म्हटलं, गेला गुडघा."

मी म्हटलं, मग तुमच्या बॅकना सांगितलं असतंस तर तुम्ही सरळ जिंकला असता. त्या फायनलमध्ये संदीपदानं त्यांच्यावर दोन गोल केले होते. आमच्या पेठेनं रात्रभर हलग्या वाजवल्या होत्या.

"सांगितलं असतं तर त्यांनी त्याच गुडघ्यावर पाय घातला असता," नाथा म्हणाला. "दोन गोल खाल्ले. शिव्या खाल्ल्या. पण याचा पाय राहिला."

चहात साखर फार झाली होती, तरी सगळ्यांनी गुमान प्यायला. नाथाच्या डाव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत, हे मला कप धरताना दिसलं. सकाळी तर अजिबातच मिटत नाहीत, म्हणून कपडे संदीपदा पिळतो आणि कणीकही तोच मळतो. नाथा पोळ्या लाटतो. त्या वाकड्या बोटांपैकी किती संदीपदाच्या शॉटनं मोडलीत यावर त्यांचं एकमत नव्हतं. संदीपदा दोन म्हणत होता आणि नाथा तीन. निघताना मी नाथाची माफी मागितली. तो म्हणाला, नाकाचं सोडून बाकी माफ.

सोमवारी वेरूळ. मंगळवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवूनच बेत आखा. संदीपदा आणि नाथाला त्या दिवशी सराव नव्हता म्हणून तेही आले, ताईंनी डबा घेतला, आम्ही चौघांनी मिळून पडेगावातून रिक्षा ठरवली. दिवसभराचं भाडं आधी बोलून घ्या, परत येताना खुलताबादला थांबायचं असेल तर तेही. कैलास लेण्यात शिरल्यावर मी इतिहासावर काही लिहावं अशी माझी लायकी नाही. एवढंच सांगते की हे बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलेलं आहे, हे माहीत असूनही तिथं उभं राहिल्यावर विश्वास बसत नाही. एक चूक झाली असती तर परत जोडायला दगड नव्हता.

कडेच्या डोंगरावर चढून वरून लेणं बघता येतं आणि ते बघायलाच हवं. संदीपदाला चढणं शक्य नव्हतं. तो अंगणातल्या दगडी हत्तीजवळ बसला. नाथा आणि ताई वर गेले. नाथा कड्यावरून खाली ओरडून सांगायला लागला, कळसावर काय आहे, सिंह किती आहेत, पलीकडे काय दिसतंय. रखवालदारानं शिट्टी मारेपर्यंत त्याचं चालू होतं. संदीपदा मान वर करून ऐकत होता.

आम्ही दोघंच होतो म्हणून मी आक्कांच्या मनातला प्रश्न त्याला विचारला, थांबणार आहेस का. तो म्हणाला, अजून एक सीझन. निरोपाची मॅच त्याला नको होती. तालमीतल्या लोकांनी मॅच ठेवायचं म्हटलं होतं, हार, भाषणं, पेठेतून मिरवणूक. "माझ्याच्यानं ते होणार न्हाई, वैशे," तो म्हणाला. "इथं मला कुणी ओळखत न्हाई. जमेल तेवढं खेळतो, नाथा हात वर करतो, मी बाहेर येतो. रोज थोडं थोडं संपवालोय. तसंच बरं वाटतंय." मग त्यानं मला दोन गोष्टी सांगितल्या. आईला गुडघ्याचं खरं सांग, लपवू नको. पण नाथाचं नाव काढू नको, म्हातारीला सोसायचं नाही.

मी हो म्हटलं. त्या वेळी मला ते अगदी सोपं वाटलं होतं.

परतीच्या दिवशी दुपारी जुन्या शहरात जाऊन नान-खलिया खाल्लाच. तांबड्या रश्श्याचा माझा अभिमान शाबूत आहे, पण त्या पिवळसर नानसाठी मी परत जाईन. पैठण राहिलं. ताई म्हणाल्या, राहू दे, नाहीतर पुढच्या वेळी काय निमित्त काढशील? मैदानावरच्या तमाशामुळे त्यांच्या गल्लीत माझं नाव झालंय, हेही त्यांनी सांगितलं.

कोल्हापूरला पोचले आणि आंघोळ करून सरळ आक्कांकडे गेले. त्या ओट्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. मी ठरवल्याप्रमाणे गुडघ्याचं खरं सांगितलं. सूज किती आहे ते सांगितलं, अजून एक सीझन खेळणार तेही सांगितलं. त्या लसूण सोलत राहिल्या. मग विचारलं, "आणि थांबवणारं कोण हाय का? का नुसता कोच? कोचचं ते ऐकत न्हाई, मला माहीत हाय."

मी म्हटलं, आहे एक जण. गोलमधून हात वर करतो आणि संदीपदा मुकाट बाहेर येतो. माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"कोण?"

वेरूळच्या अंगणात दिलेला शब्द मला आठवत होता. पण या बाईनं मला हीच गोष्ट खरी सांगायला सांगितली होती, आणि नाव न सांगता ती गोष्ट खरी वाटलीच नसती. मी म्हटलं, "नाथा. पलीकडच्या पेठेतला."

आक्कांचा हात थांबला. मला वाटलं आता बोटं मोडतात. त्यांनी पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, "त्याच्याविरुद्ध मॅच असली की पोरगं आदल्या दिवशी जेवायचं न्हाई. दुसऱ्या कुठल्या गोलकीपरसाठी त्याची भूक गेली न्हाई कधी. त्या एकालाच मानायचं ते."

उठल्या, फडताळातली दुसरी बरणी काढली, उन्हात वाळवलेलं खोबरं जवळ ओढलं आणि मला विचारलं, त्या पेठेत चटणीला खोबरं जास्त घालतात न्हवं?